कीलुंगचा मुराळी

ताइचुंगच्या होस्टेलवर शुक्रवारी संध्याकाळी एकच चर्चा चालली होती, सुट्टीचे दोन दिवस कुठं घालवायचे. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यानं तायवानचं एक नवं मशीन घेतलं होतं आणि ते शिकून यायला आम्हा काही जणांना तिकडं धाडलं होतं. बाकी सगळ्यांनी तैपेईचं ठरवलं. तिथला तो उंच मनोरा, त्याची लिफ्ट, मनोऱ्याखाली मान मोडेपर्यंत वर बघत काढायचा फोटो, सगळा कार्यक्रम आधीच पक्का होता. मी म्हणालो, मी कीलुंगला जाणार. आम्हाला मशीन शिकवणारा तिथला इंजिनिअर हसायलाच लागला. "कीलुंग? तिथं काय आहे? पाऊस आहे!"

मला राग आला. राग मला तसा लवकर येतो, पण या रागाला कारण होतं. मी उंब्रजच्या शिवारात वाढलेला माणूस. पुण्याहून कोल्हापूरला जाणारा प्रत्येक जण आमच्या गावावरून जातो आणि एकही जण थांबत नाही. थांबलाच तर लघवीला थांबतो. "उंब्रजला काय आहे?" हे मी आयुष्यभर ऐकत आलोय. तेव्हा कीलुंगची बाजू मी न बघताच घेतली. आणि कीलुंगला काय आहे ते मला चांगलंच ठाऊक होतं. तिथं माझी धाकटी बहीण आहे.

मी तिच्याकडे पाहुणा म्हणून जात नव्हतो. मुराळी म्हणून जात होतो.

सासरी असलेल्या बहिणीला सणासाठी माहेरी न्यायला येतो तो भाऊ म्हणजे मुराळी. आमच्याकडे तो नागपंचमीला येतो. आमच्या आईचं माहेर शिराळ्याकडचं. पंचमी जवळ आली की मामा यायचा. अंगात धुवट पांढरा सदरा, डोक्याला कडक टोपी, हातात पिशवी. आल्या आल्या तो काही बोलायचा नाही. पाऊसपाणी, बैलं, उसाची भरणी, कुणाचं लग्न कुठं जमलं, सगळं होऊ द्यायचा आणि चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता आजीला विचारायचा, "मग, धाडताय न्हवं आमच्या बाईला?" आजी नाही म्हणणार नाही हे सगळ्यांना माहीत असायचं. आईची पिशवी आत केव्हाची भरून तयार असायची. तरी विचारायचंच. एका वर्षी मामाला ताप आला आणि त्यानं निरोप धाडला, तूच एसटीनं ये. आई गेली नाही. "आपल्या पायानं माहेरी जायला मी काय टाकलेली बाई हाय?" असं म्हणून ती दिवसभर फुगून बसली आणि पंचमीची पुरण भरून उकडलेली दिंडंसुद्धा खाल्ली नाहीत.

बहीण सांगलीला इंजिनिअर झाली, पुढं शिकायला तायवानला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न ठरवून मोकळी झाली. घरात थोडे दिवस भांडी आपटली. मग आईनंच आमच्या वडलांना, आण्णांना गप्प केलं. लग्न गावात झालं, नवऱ्या मुलाला फेटा बांधला आणि अख्खी भावकी त्याला दाजी, दाजी म्हणत मटणाचा रस्सा वाढत राहिली. तो कीलुंगच्या बंदरात क्रेन चालवतो. बोलायला मितभाषी, खायला मात्र आमच्यातलाच.

अडचण पंचमीची होती. समुद्रापलीकडं मुराळी कसा धाडायचा? आईनं त्यावर तोड काढली. "विमान उतरतं तितं तिचं सासर संपतं. तू तितपर्यंत जा." म्हणून मी दर पंचमीला मुंबईच्या विमानतळावर टोपी घालून उभा राहायचो. भोवतीनं सगळे टाय लावलेले, हातात पाट्या धरलेले, आणि मधे मी, पांढऱ्या टोपीत, पिशवीत चटणी-भाकरी घेऊन. बहीण बाहेर आली की आधी टोपी बघून खो खो हसायची आणि मग गाडीत बसल्याबसल्या भाकरी सोडायची.

मग आई गेली. जगभरची विमानं बंद होती तेव्हाच गेली. बहिणीनं सगळं मोबाइलवर बघितलं. फोन मी धरला होता. मधेच रेंज जायची, आणि परत आली की तिचा आवाज यायचा, "दादा, आता काय चाललंय? आता काय करत्यात?"

विमानं पुन्हा सुरू झाली, पण ती काही आली नाही. पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपास धरतात, त्या उपासाच्या फराळाचा फोटो मात्र दर वर्षी न चुकता यायचा. मी फोन करायचो, "ये की गं." ती म्हणायची, "बघू." आमचं घर आता दोन पुरुषांचं. आण्णा आणि मी. माझं लग्न जमलं नाही, मुलीकडचे नोकरी कायमची का विचारतात आणि शेती किती विचारतात, आणि मी दोन्हीकडे काठावर नापास होतो. घरात बाई नाही, मग लेकीला माहेर कसलं, असं गावातल्या बायका माझ्यासमोरच बोलायच्या. मला ते लागायचं, कारण मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मी तायवानला जाणार हे ठरल्यावर आण्णा दोन-तीन दिवस काही बोलले नाहीत. ते सैन्यातून रिटायर झालेले, बोलणं रेशनवर मिळाल्यासारखं वापरतात. निघायच्या सकाळी त्यांनी आमच्याच उसाच्या गुळाचा एक खडा आणि चण्याची डाळ कापडात बांधून माझ्या बॅगेत ठेवली. वर आईनं जपून ठेवलेली माझी टोपी ठेवली. म्हणाले, "मुराळी म्हणून चाललाईस. पावना म्हणून न्हवं. हात हलवत यिऊ नगंस." मी म्हणालो, "आण्णा, पंचमीला अजून अवकाश हाय." ते म्हणाले, "इचारून तर ये. तिला इचारायला कुणी गेलंच न्हाई."

शनिवारी सकाळी ताइचुंगहून गाडीत बसलो. तैपेई आली तसा डबा निम्मा रिकामा झाला. त्यापुढं बोगदे, डोंगर आणि काचेवर पाऊस. शेवटचं स्टेशन जवळ आलं तशी मी बॅगेतून टोपी काढली, झटकली आणि डोक्यावर ठेवली. समोरच्या म्हातारीनं माझ्याकडे बघून मान डोलवली. तिला काय वाटलं कोण जाणे.

कीलुंगचं स्टेशन सोडलं की लगेच पाणी लागतं. समुद्र गावात घुसून बसलाय. एका बाजूला दुकानांच्या पाट्या, बस, भज्यांसारखं काहीतरी तळणारा गाडा, आणि समोर रस्त्याच्या टोकाला एखाद्या इमारतीएवढी बोट. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि डोंगरावर एकावर एक घरं. सगळ्या भिंती पावसानं काळवंडलेल्या. आणि पाण्यावर घारी. आमच्याकडे घार दिसते ती उंच, एकटी. इथं त्या बोटींच्या मधून खाली येत होत्या, पाण्यावर झडप घालत होत्या, पुन्हा वर चढत होत्या. गाव मला एकदम आवडलं. कुणाला दाखवण्यासाठी नटलेलं नव्हतं.

बहीण छत्री घेऊन उभी होती. थोडी सुटली होती, केस कापले होते. मला बघून हसली, आणि मग तिची नजर टोपीवर गेली आणि हसू तिथंच थांबलं. मला वाटलं होतं ती खो खो हसेल.

"टोपी कशाला घातलीस दादा?"

"ऊन लागतंय," मी म्हणालो. पाऊस धो धो पडत होता.

तिनं माझी बॅग ओढून घेतली आणि चालायला लागली.

दिवसभर तिनं मला कीलुंग दाखवलं. रंगवलेल्या घरांची एक रांग दाखवली, मासळीबाजार दाखवला, एका देवळाच्या भोवती भरणारी खाऊगल्ली दाखवली, तिथं दिवसाही पिवळे कंदील टांगलेले असतात. मला बसवून माशाच्या गोळ्यांचं सूप खायला घातलं आणि मी मीठ मागितल्यावर डोळे वटारले. दुकानदार तिला ओळखत होते. ती त्यांच्याशी त्यांच्या भाषेत चढ्या आवाजात बोलत होती, घासाघीस करत होती, अगदी आई उंब्रजच्या बाजारात करायची तशी. आणि दर दोन वाक्यांनी म्हणत होती, "आमच्या कीलुंगला असं असतं. आमच्या कीलुंगला तसं करत्यात." मी हो हो म्हणत होतो. खरं सांगायचं तर ते 'आमच्या' मला आवडलं नाही. ती सुखात होती म्हणून मला बरं वाटत होतं आणि ती सुखात होती म्हणूनच वाईटही वाटत होतं. ही आता कशाला येईल, असं वाटत होतं.

दुपारनंतर पाऊस जरा उघडला. ती मला बंदराच्या वरच्या टेकडीवर घेऊन गेली. वरून सगळं पाणी दिसत होतं, क्रेनच्या माना दिसत होत्या. त्यांतली कुठली दाजींची हे तिनं बोट करून दाखवलं. मला त्या सगळ्या सारख्याच दिसल्या. मग आम्ही एका ओल्या बाकावर छत्री अंथरून बसलो आणि मी एकदाचं विचारलं, "बाय, पंचमीला येतीस न्हवं? मी इचारायलाच आलोय. आण्णांनी धाडलंय."

ती घारींकडे बघायला लागली.

"ठावं हाय," ती म्हणाली. "टोपी बघूनच कळलं. पर मला न्हाई यायचं, दादा."

"का गं? हितली न्हाई म्हणत्यात?"

"न्हाई रं." आणि मग तिनं सांगितलं. इथल्या पंचांगाचा सातवा महिना आणि आपला श्रावण बहुतेक वर्षी एकाच अमावस्येनंतर लागतात. त्या महिन्यात मेलेल्या माणसांना सुट्टी मिळते, ती घराकडे यायला निघतात, असं इथं मानतात. कीलुंगमध्ये तर त्याची मोठी जत्राच असते. पाण्यात दिवे सोडतात, म्हणजे समुद्रात बुडालेल्यांना वाट दिसावी. लोक दारात टेबल मांडून त्यावर जेवण ठेवतात.

"आई गेली त्या वर्षी मी सगळं नुसतं बघत हुते," ती म्हणाली. "मग माझ्या मनात आलं, एवढी सगळी येत्यात तर माझी आईबी यील. तिला आता विमान लागत न्हाई. पासपोर्ट लागत न्हाई. म्हणून पुढच्या वर्षापासनं मी पंचमीला दिंडं करती. सासूबाईंच्या बांबूच्या टोपलीत लय झकास उकडत्यात. पर घरातल्या देव्हाऱ्यात ह्यांची माणसं हायेत, ह्यांचे आजे-पणजे. तितं मी आईला कुठं बसवू? मग दारात, रस्त्यावरच्या टेबलाच्या कडंला तिचं ताट ठेवती. आणि दिवसभर काय चिरत न्हाई, तव्यावर काय टाकत न्हाई. तिला चालायचं न्हाई ना पंचमीला चिरलेलं."

मी डोक्यावरची टोपी सरळ केली.

"ती मला न्यायला येतीया असंच वाटतं," ती म्हणाली. "आता सांग, मी पंचमीला गावाला आले आणि ती हितं आली, तर? पुन्यांदा चुकामूक? एकदा झाली तेवढी बास झाली."

शिकलेली माझी बहीण, मोठ्या कंपनीत संगणकावर काम करणारी, आणि मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. आई येईल अशा ठिकाणाहून कोण हलेल? मला फक्त आण्णांचं तोंड दिसत होतं. त्यांना काय सांगायचं हे कळेना. मी टोपी काढून खिशात घातली.

तिचं घर टेकडीच्या पोटात, लांबलचक पायऱ्या चढून गेल्यावर. दाजी कामावरून आले होते. त्यांनी मला मिठी मारली, "दादा, दादा" म्हणाले आणि शिराळ्याच्या नागांचा एक जुना व्हिडिओ मोबाइलवर लावून दिला. त्यांना आमच्याकडचं एवढं एकच विशेष माहीत आहे आणि तेच ते प्रत्येक पाहुण्याला दाखवतात. सासूबाई लहान चणीच्या, ताठ, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी माझ्या हातातला गूळ हुंगला, एक तुकडा तोंडात टाकला आणि उरलेला उचलून देव्हाऱ्यात ठेवला. तिथं त्यांच्या पूर्वजांच्या नावांची लाकडी पाटी होती, पुढं उदबत्ती. मी नमस्कार केला. बहीण म्हणाली ते खरंच होतं. त्यात आईला जागा नव्हती.

रात्री जेवून झोपलो. झोप काही आली नाही.

रविवारी सकाळी मी आंघोळ केली, धुवट सदरा घातला आणि खिशातून टोपी काढून डोक्यावर ठेवली. बहीण म्हणाली, "दादा, कशाला? मी सांगितलंय की तुला." मी म्हणालो, "तू न्हाई म्हण. पर मुराळ्यानं इचारायचं सासूला असतंय. ते इचारल्याशिवाय मी आण्णांच्या म्होरं कसा जाऊ?" ती चिडली, पण भाषांतराला बसली. तिच्याशिवाय दुसरं होतंच कोण?

सासूबाईंनी छोट्या कपांतून चहा ओतला. मी मामासारखं सुरू केलं. पाऊसपाणी विचारलं. पावसाबद्दल कीलुंगच्या माणसाला विचारणं म्हणजे काय, पण त्यांनी मनापासून उत्तर दिलं. बंदर कसं चाललंय विचारलं. गुडघे विचारले. मग कप खाली ठेवला आणि म्हणालो, "मग, धाडताय न्हवं आमच्या बाईला पंचमीला?"

बहिणीनं खाली बघून ते त्यांच्या भाषेत सांगितलं. सासूबाईंनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा बदलला. त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि टोपीला हात लावून काहीतरी म्हणाल्या.

"त्यांचा भाऊबी यायचा म्हणत्यात," बहीण म्हणाली. "नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी. होडीतनं. त्यांचं माहेर तिकडं खाली कोळ्यांच्या वस्तीत हुतं. भाऊ आल्याशिवाय त्यापण जायच्या न्हाईत." ती थांबली. "म्हणत्यात, हिचा भाऊ कवा येणार याची मीच वाट बघत हुते."

पण लगेच त्यांनी मान हलवली. पंचमी सातव्या महिन्यात येते आणि त्या महिन्यात लांबचा प्रवास करायचा नसतो. विमानाचा तर नाहीच. माझी बहीण माझ्याकडे 'झालं समाधान?' अशा नजरेनं बघत राहिली. माझं डोकं फिरलं. इतक्या लांब येऊन, टोपी घालून, गुडघे विचारून, आणि उत्तर काय तर महिना वाईट आहे! मी म्हणालो, "त्यांना सांग, हिला तसंपण यायचं न्हाई. आईचं ताट रस्त्यावर मांडून बसायचंय हिला."

बहिणीनं ते सांगितलं नाही. पण सासूबाईंना ताटाचं काहीतरी चाललंय हे हाताच्या खुणेवरून कळलं, त्यांनी खोदून विचारलं, आणि मग तिला सगळं सांगावंच लागलं. सांगता सांगता ती रडायला लागली. सासूबाई ऐकत होत्या. मग त्यांनी बोट माझ्याकडे करून एक प्रश्न विचारला.

"त्या इचारत्यात," बहीण डोळे पुसत म्हणाली, "तिकडं घरात बाई न्हाई. दोन पुरुष. आईला कोण वाढत न्हाई, म्हणून मी हितं वाढती, असं त्यांना वाटायचं. म्हणून त्या काही बोलल्या न्हाईत. इचारत्यात, तिकडं आईला कोण काय देतं का?"

"म्हणजे काय?" मी म्हणालो. "आण्णा सकाळचा पैला चहा तिच्या फोटोपुढं ठेवत्यात. रोज. गार झाला की तोच आपण पित्यात. मी म्हणतो, गरम करून द्या की, तर म्हणत्यात, राहू दे, तिनं घेतलेला हाय."

बहिणीनं हे भाषांतर केलंच नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. "आण्णा?" ती म्हणाली. "आपलं आण्णा?"

"मग काय शेजारचं?"

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तू कवा इचारलंस? आणि आण्णा सांगणाऱ्यातलं हायेत व्हय?"

सासूबाईंनी तिचा दंड हलवला, तेव्हा तिनं सांगितलं. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळूहळू बोलायला लागल्या आणि बहीण एकेक वाक्य मराठीत सांगत गेली, आवाज ओला, पण नीट. रस्त्यावर जे ताट ठेवतात ते ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी असतं. बुडालेले, हरवलेले, ज्यांची घरं मोडली ते. त्यांना इथं 'चांगले भाऊ' म्हणतात, वाईट वाटू नये म्हणून. ज्याला घर आहे तो रस्त्यावर जेवायला येत नाही. तो आपल्या घरी जातो. "तुझ्या आईला रोज सकाळी घरात चहा मिळतो," त्या म्हणाल्या. "ती इथं दारात कशाला येईल? ती तिकडं बसलीय. तूच तेवढी तिथं नाहीस."

बहिणीनं हे सांगितलं आणि मग तोंडावर हात धरून ती हमसून हमसून रडली. दाजी दारात येऊन उभे होते, आमची मराठी त्यांना कळत नव्हती, पण त्यांनी हातातला मोबाइल बंद केला.

सासूबाई मात्र उठून भिंतीवरचं पंचांग बघत होत्या. त्यांनी बोटानं दिवस मोजले आणि हुकूम सोडला. महिना लागायच्या आधी निघायचं. त्या महिन्यात परतीचाही प्रवास करायचा नाही. महिना पुरा संपला की मगच यायचं.

मला हिशेब कळायला जरा वेळ लागला. "म्हणजे महिनाभर माहेरी?" मी विचारलं.

"महिनाभर," बहीण म्हणाली आणि रडता रडताच हसली. आमच्या आईला तिच्या उभ्या जन्मात पंचमीला कधी चार दिवसांच्या वर माहेर मिळालं नव्हतं.

संध्याकाळी ती मला स्टेशनवर सोडायला आली. सासूबाईंनी आण्णांसाठी चहाचा एक डबा दिला होता, रोजच्या पहिल्या कपासाठी. गाडी सुटेपर्यंत बहीण काचेबाहेर उभी होती, आणि माझ्या टोपीकडे बोट दाखवून एकदाची खो खो हसली. होस्टेलवर सगळे तैपेईचे फोटो दाखवत होते. मला विचारलं, काय बघितलंस? मी म्हणालो, पाऊस.

गावी परतल्यावर आण्णांना मी फक्त एवढंच सांगितलं, "येतीया." बाकीचं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आतली खोली स्वतः सारवल्यासारखी पुसून काढली, फरशी असताना.

श्रावण लागायच्या आधी मी विमानतळावर टोपी घालून उभा राहिलो आणि तिला घेऊन आलो. उंब्रजला महामार्ग सोडून गाडी खालच्या रस्त्याला लागली तर आण्णा तिथंच उभे. धुवट सदरा, डोक्याला टोपी. गुडघे धरतात त्यांचे, तरी घरापासून तिथवर चालत आले होते. बहीण उतरली आणि त्यांच्या पाया पडली. आण्णा म्हणाले, "लय वाट बघितली, बाय." एवढं बोलणं त्यांच्या महिनाभराच्या रेशनचं होतं.

पंचमीला तिनं दिंडं उकडली. आमच्याच उसाच्या गुळाची. वारुळाला नैवेद्य दाखवून झाला, आम्हा दोघांना वाढलं, आणि मग तिनं आणखी एक ताट वाढलं. त्यावर तुपाची धार सोडली आणि ताट हातात घेऊन ती सवयीनं दाराकडे निघाली. मी बघत होतो. उंबऱ्याशी सासूबाईंचं बोलणं आठवलं की काय, ती थबकली. आत जावं की बाहेर, तिला कळेना.

आण्णांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. त्यांनी घास खाली ठेवला आणि मांडणीखालची जागा दाखवली, जिथं आई सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसायची.

"भाईर कुठं निघालीस?" ते म्हणाले. "हितं ठेव. ती घरातच हाय."